घरचा कुत्रा आणि अंगणातल्या कोंबड्या : एका कंपाउंडात नांदवायचं कसं

पुण्यात बाणेर, सूस, बावधन, पिरंगुट, वाघोली या बाजूला बंगला किंवा रो-हाउस असलेल्या बऱ्याच घरांत आता पाच-सहा कोंबड्या दिसतात. घरची अंडी मिळतात, बागेतले किडे कमी होतात, भाजीची देठं वाया जात नाहीत. यातल्या पुष्कळ घरांत कुत्रा आधीपासून असतो, आणि मग प्रश्न ठरलेला: "आमचा लॅब अगदी गरीब आहे हो, तो काही करणार नाही ना?"

करू शकतो. गरीब स्वभावाच्या कुत्र्याकडूनही कोंबडी मरते, आणि बहुतेक वेळा रागाने नाही, खेळता खेळता. कोंबडी घाबरली की पंख फडफडवत, ओरडत, वेडीवाकडी पळते, आणि कुत्र्याला पाठलागासाठी नेमकं हेच हवं असतं. शिकारीचे त्याच्यातले टप्पे ठरलेले आहेत: दिसणं, रोखून बघणं, दबा धरणं, पाठलाग, पकडणं, झटकणं. माणसाने वेगवेगळ्या जाती घडवताना यातला कुठला टप्पा वाढवला, कुठला दाबला. लॅब आणि गोल्डन रिट्रीव्हर तोंडात धरून आणायला बघतात. जर्मन शेफर्ड रोखून बघतो, वळवतो, घेरतो. कारवान, मुधोळ, पश्मी हे नजरेवर शिकार करणारे कुत्रे. पळणारी वस्तू दिसली की त्यांना थांबवणं फार कठीण. डॅशहुंड आणि टेरियर मंडळींमध्ये शेवटच्या झटक्यापर्यंतची सगळी साखळी शाबूत असते. हस्कीचंही तसंच. गावठी कुत्र्याबद्दल सरसकट काही सांगता येत नाही. वाडी-वस्तीवर कोंबड्यांमध्येच वाढलेला गावठी त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही, तर उकिरड्यावर घुशी मारून जगलेला गावठी क्षणात काम तमाम करतो. जात हा अंदाज झाला. शेवटी समोरचा कुत्रा बघायचा.

ध्येयही आधीच नीट ठरवून घ्या. कुत्र्याच्या पाठीवर बसलेल्या कोंबडीचे फोटो गोड दिसतात, पण आपल्याला दोस्ती नको आहे. कोंबडी दिसली, कुत्र्याने पाहिलं आणि मान वळवून स्वतःच्या कामाला लागला, एवढंच हवं. कोंबडी हा त्याच्या लेखी विषयच राहता कामा नये. पुढचं सगळं शिक्षण याच एका गोष्टीसाठी आहे.

आधी जाळी, मग शिकवणी

कुत्रा कितीही शिकला तरी तुम्ही घरात नसताना त्याच्या आणि कोंबड्यांच्या मधे जाळीच हवी. म्हणून कोंबड्या आणण्याआधी खुराडं आणि त्याला जोडलेला फिरायचा पिंजरा पुरा करा. आतल्या खुराड्यात दर कोंबडीमागे ४ चौरस फूट आणि बाहेरच्या पिंजऱ्यात ८ ते १० चौरस फूट धरा. सहा कोंबड्यांना १० बाय ६ फुटांचा पिंजरा पुरतो.

दुकानात "कोंबडी जाळी" म्हणून जी षटकोनी, पातळ तारेची जाळी देतात, ती कोंबड्या आत ठेवायला ठीक आहे. कुत्रा बाहेर ठेवायला तिचा उपयोग नाही. मध्यम आकाराचा कुत्रा पंजाने आणि दातांनी ती काही मिनिटांत उसवतो. जमिनीपासून किमान ३ फूट उंचीपर्यंत अर्धा इंची चौकोनाची जीआय वेल्डमेश, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली जाड तारेची वेल्ड केलेली जाळी, लावा. त्यावर चेन-लिंक किंवा एक इंची वेल्डमेश चालेल. रविवार पेठेत, बोहरी आळीच्या आसपास हार्डवेअरच्या दुकानांत ती फुटावर किंवा रोलवर मिळते. चौकोन अर्धा इंचीच का, तर एक इंचीतून मुंगसाचं पिल्लू आणि उंदीर आत येतात, आणि जाळीला टेकून झोपलेल्या कोंबडीचा पाय कुत्रा बाहेरून ओढू शकतो. वरून छप्परही हवंच. घार, शिक्रा आणि शेजारचा बोका यांच्यासाठी ते लागतं, शिवाय घाबरलेली गावठी कोंबडी सहा फुटांच्या कुंपणावरून सहज उडून थेट कुत्र्यापुढे उतरते.

कुत्रा खणतो तो जाळीच्या अगदी बुडाशी. तिथे दीड ते दोन फूट रुंदीची जाळीची पट्टी बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी पसरा, उभ्या जाळीला तारेने शिवा आणि वर शहाबादी फरशीचे तुकडे किंवा विटा मांडा. उभी जाळी खोल पुरण्यापेक्षा हे सोपं आणि जास्त टिकाऊ. कुत्रा कडेला उकरायला जातो, पंजाखाली फरशी लागते, आणि दोन फूट मागे सरून खणायला सुरुवात करावी हे त्याला सहसा सुचत नाही. जून-जुलैच्या पावसात माती वाहून फरशी हलते, तेव्हा आठवड्यातून एकदा चक्कर मारून तपासा.

दाराला नुसती साधी कडी नको. लॅबसारखा कुत्रा ती नाकाने उचलतो. स्प्रिंगचा खटका लावा, शिवाय खाली दुसरी कडी. जागा असेल तर दोन दारांची रचना उत्तम: बाहेरचं दार, मधे तीन फुटांची मोकळी जागा, मग आतलं दार. एका वेळी एकच दार उघडायचं. खाद्य टाकायला आलेल्या माणसाच्या पायांमधून कुत्रा आत घुसतो, तसे बहुतेक अपघात यानेच टळतात.

पहिल्या आठवड्यात पिंजऱ्याच्या खालच्या ३ फुटांना हिरवी शेडनेट बांधा. कुत्र्याला कोंबड्या सतत दिसत राहिल्या तर तो जाळीच्या कडेने येरझाऱ्या घालायला लागतो. लोकांना वाटतं, बाहेरच तर आहे, दमेल आणि गप बसेल. होतं उलटंच. प्रत्येक येरझारीत पाठलागाचा सराव होतो आणि ओढ वाढत जाते. आत कोंबड्या ताणाखाली अंडी कमी करतात किंवा बंदच करतात. जाळीकडेने पळणं दिसलं की कुत्र्याला तिथून शांतपणे घरात आणायचं.

कोंबड्या येण्याआधीचे तीन आठवडे

तीन आज्ञा पक्क्या लागतात: "नको", "ये" आणि "जागेवर". शब्द कोणतेही घ्या, पण घरातल्या सगळ्यांनी तेच वापरायचे. आजी "अरे बाळा, नको ना" म्हणतात, मुलं "नो नो नो" ओरडतात आणि बाबा नुसतं नाव घेऊन दरडावतात, तर कुत्र्याला यातलं काहीच आज्ञा वाटत नाही. तीन शब्द कागदावर लिहून फ्रिजवर लावा. झाडलोटीला येणाऱ्या मावशी आणि माळीकाका यांनाही सांगा.

"नको" सगळ्यात महत्त्वाचं. मुठीत खाऊ धरा आणि मूठ कुत्र्याच्या नाकापुढे न्या. तो चाटेल, पंजा मारेल. गप्प राहा. ज्या क्षणी नाक मागे घेईल, त्या क्षणी "शाब्बास" म्हणा आणि दुसऱ्या हातातला खाऊ द्या. मुठीतला कधीच द्यायचा नाही. इतर ठिकाणी "थांब, आता घे" असं शिकवलं तर चालतं. कोंबडीच्या बाबतीत "आता घे" कधीच येणार नाही, म्हणून "नको" म्हटलेली वस्तू कुत्र्याला कधी मिळतच नाही, हे त्याच्या मनात पक्कं बसलं पाहिजे. दहापैकी आठ वेळा जमलं की पुढची पायरी: उघडा तळवा, मग जमिनीवर ठेवलेला खाऊ, मग घरंगळत गेलेला, मग त्याच्यापुढून फेकलेला. शेवटच्या दोन पायऱ्यांना वेळ द्या. कोंबडी स्थिर बसून राहणार नाही.

"जागेवर" म्हणजे चटईवर जाऊन पसरणं. रोज संध्याकाळच्या चहाच्या वेळी दहा मिनिटं याचा सराव केला तरी पुरे. "ये" आधी घरात, मग गेटच्या आत, मग लांब दोरीवर मोकळ्या मैदानात. आल्यावर रागवायचं नाही, काहीही करून आला असला तरी. रागावलात तर पुढच्या वेळी तो विचार करूनच येईल, आणि तेवढ्या वेळात कोंबडी गेलेली असेल.

याच दिवसांत वासाची आणि आवाजाची ओळख करून द्या. ओळखीच्या पोल्ट्रीतून वापरलेलं, तूस टाकलेलं कोरडं लिटर, म्हणजे कोंबड्यांखालचं अंथरूण, मूठभर जाळीदार पिशवीत आणा, निरोगी कळपातलंच, आणि कुत्रा पोहोचणार नाही अशा उंचीवर टांगा. कोंबड्यांच्या कलकलाटाचं रेकॉर्डिंग त्याच्या जेवणाच्या वेळी अगदी हळू आवाजात लावा आणि रोज थोडं वाढवा. कान टवकारून जेवण सोडलं, तर आवाज जास्त झाला.

कोंबड्या आणताना शक्यतो १० ते १२ आठवड्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंडी न देणाऱ्या तरुण कोंबड्या, घ्या, एक दिवसाची पिल्लं नको. पिल्लांची सततची चिवचिव आणि तुरूतुरू पळणं कुत्र्याला फार उचकवतं. मोठ्या तलंगा आपला आब राखून असतात. गिरिराज आणि वनराजा या जाती वजनदार, जास्त न उडणाऱ्या. कुत्रा असलेल्या घरी गावठीपेक्षा सोप्या जातात. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस झाल्याची खात्री करून घ्या. कुत्र्याच्या रेबीजच्या लसीबरोबर लेप्टोस्पायरोसिसची लसही वेळेवर हवी, कारण खाद्य आलं की उंदीर येतात आणि पावसाळ्यात त्यांच्या लघवीचं पाणी अंगणभर होतं.

अंतर हेच औषध

पहिली भेट जाळीतूनच, आणि लांबून. अंगण मोठं असेल तर ३० ते ४० फुटांवरून. छोट्या रो-हाउसमध्ये एवढी जागा नसते. तिथे कुत्रा हॉलच्या सरकत्या दारामागे किंवा वरच्या गॅलरीत ठेवून सुरुवात करा. वेळ सकाळची, साडेसहा ते आठ. एप्रिल-मेमध्ये त्यानंतर कोंबड्याही चोच उघडून धापा टाकतात आणि कुत्र्याचं लक्ष टिकत नाही. आधी कुत्र्याला फिरवून आणा, शी-शू होऊ द्या. गळपट्ट्याऐवजी हार्नेस, त्याला ६ फुटी दोरी. खिशात हरभऱ्याच्या दाण्याएवढे ३०-४० तुकडे: पनीर, उकडलेलं चिकन, नाहीतर उकडलेली कलेजी. चिकन खाऊ घातल्याने कोंबडी मारायची चटक लागते, असं काही नसतं. शिजलेलं चिकन आणि पळणारी कोंबडी यांचा त्याच्या डोक्यात काही संबंध नसतो. हाडं मात्र नकोत.

आता कुत्र्याकडे बघा, कोंबड्यांकडे नाही. कोंबडी दिसली की त्याचे कान पुढे येतात. इथपर्यंत ठीक. त्यानंतरच्या अर्ध्या सेकंदात दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर त्याचं तोंड किंचित उघडं राहतं, शेपटी सैल असते, तो जमीन हुंगतो किंवा डोळे मिचकावून तुमच्याकडे वळतो. नाहीतर तोंड बंद होतं, शरीराचं वजन पुढच्या पायांवर येतं, शेपटी ताठ होऊन जवळजवळ हलायची थांबते आणि नजर गोठते. भुंकणाऱ्या कुत्र्यापेक्षा हा गप्प, गोठलेला कुत्रा जास्त धोक्याचा. पहिला प्रकार दिसला तर अंतर बरोबर आहे. दुसरा दिसला तर तुम्ही फार जवळ आहात: काही न बोलता दहा फूट मागे या.

बरोबर अंतरावर काम साधं आहे. त्याने कोंबडीकडे पाहिलं की त्याच क्षणी "शाब्बास", आणि खाऊ आपल्या गुडघ्याशी द्या, म्हणजे खायला त्याला मान वळवावीच लागते. पुन्हा पाहिलं, पुन्हा "शाब्बास". पंधरा-वीस वेळा झालं की एक मजेशीर गोष्ट घडते. तो कोंबडीकडे ओझरतं बघतो आणि स्वतःच तुमच्याकडे वळतो, "दे ना" म्हणल्यासारखा. आता "शाब्बास" त्या वळण्याला द्या, बघण्याला नाही. सगळ्या शिकवणीतला हाच कळीचा बदल आहे. बरेच जण तो चुकवतात: बघण्यालाच महिनाभर खाऊ देत राहतात आणि मग कुत्रा कोंबड्यांवर नजर रोखून बसायला शिकतो.

एका वेळी पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. सलग तीन वेळा तो सैल राहिला तर दोन-तीन फूट पुढे सरका. सरळ रेषेत कोंबड्यांच्या दिशेने चालू नका. वळसा घेत, तिरके जवळ जा. सरळ चालत जाणं कुत्र्याच्या भाषेत शिकारीला निघणंच असतं. दोरी सैल ठेवा. ताणलेल्या दोरीने त्याची छाती पुढे आणि नजर कोंबडीवर खिळते, म्हणजे आपणच त्याला झेपेच्या पवित्र्यात उभं करतो.

अडचणी तीन आहेत: अंतर, कोंबड्यांची हालचाल आणि वेळ. एका वेळी एकच वाढवायची. जाळीपासून ६ फुटांवर कुत्रा चटईवर शांत पडू लागला, की घरातल्या कोणीतरी आत जाऊन मूठभर ज्वारी फेकावी. कोंबड्या धावतात, एकमेकींवर उडतात. त्या दिवशी कुत्रा ६ फुटांवर नको, पुन्हा २५ फुटांवर. मातीत लोळून अंघोळ करणारी कोंबडी तर वेगळीच परीक्षा असते. ती एका कुशीवर पडते, पाय झाडते, पंखाने धूळ उडवते. कुत्र्याच्या डोळ्यांना ती जखमी पाखरासारखी दिसते. शांत झालेला कुत्राही इथे चळतो. कोंबड्या कधी लोळतात ते पाहून ठेवा, साधारण ऊन वर आल्यावर, आणि तो प्रसंग दुरून मुद्दाम पाच-सहा दिवस दाखवा.

हे सगळं किती दिवसांत होतं? शांत, प्रौढ कुत्र्याला तीन-चार आठवडे, तरण्याताठ्या कुत्र्याला काही महिने. सहा महिने ते दीड वर्ष या वयातला कुत्रा सगळ्यात अवघड, कारण जे पिल्लूपणी येत होतं तेही तो विसरल्यासारखं करतो. ढोल-ताशाच्या सरावाचे आणि दिवाळीत फटाक्यांचे दिवस शिकवणीतून वगळा. दोन्ही जनावरं बिथरलेली असतात.

जाळी मधून काढताना

जाळीजवळ चार आठवडे एकही झेप किंवा गोठलेली नजर दिसली नसेल, तेव्हाच हा टप्पा. त्याआधी कुत्र्याला मुसकं घालायची सवय लावा. जाळीचं मुसकं घ्या, ज्यातून त्याला धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं. तोंड आवळणारी कापडी पट्टी पुण्याच्या उन्हात धोक्याची. मुसक्यात आतून थोडं दही किंवा पनीर लावून त्याला स्वतःहून तोंड घालू द्या. पहिले चार-पाच दिवस मुसक्याचा पट्टा बांधायचाच नाही. मुसकं घातलेला कुत्राही पंजाने किंवा नुसत्या धडकेने कोंबडी मारू शकतो, त्यामुळे दोरी सुटायची नाही.

पहिल्या दिवशी दोनच कोंबड्या बाहेर काढा, सगळ्यात शांत आणि वयाने मोठ्या. त्यांना दाणे टाकून गुंतवा. कुत्रा दोरीवर, दुसऱ्या माणसाच्या हातात, १५ फुटांवर. कोंबड्यांवर लक्ष ठेवणारा माणूस वेगळा. पाच मिनिटं आणि बस. पुढे काही दिवसांनी १५ फुटी हलकी दोरी जमिनीवर लोळती सोडा, हार्नेसला बांधलेली, टोकाला मूठ किंवा गाठ नको, नाहीतर कुंडीत अडकते. कुत्रा ताठला की ओरडू नका. दोरीवर पाय ठेवा, "नको" म्हणा, वळला की भरपूर शाबासकी.

अंगणात कुत्र्याला निसटायला जागा हवी. कोंबडा असेल तर तो नखं घेऊन अंगावर येतो, आणि खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, कोंबडी अंग फुलवून चाल करते. कोपऱ्यात सापडलेला शहाणा कुत्राही अशा वेळी चावतो. कोंबडा अंगावर आला की कुत्र्याने मागे फिरणं, हेच हवं असलेलं वागणं, त्याला खाऊ द्या.

दोन कुत्रे असतील तर दोघांची शिकवणी वेगवेगळी, आणि मोकळं सोडताना दोघे कधीच एकत्र नाहीत. एकटा शहाणा असलेला कुत्रा दुसऱ्याने धाव घेतली की त्याच्या मागे सुटतो. यात अपवाद धरू नका.

आणि नजरेखाली म्हणजे हातातला फोन खाली ठेवून, चार पावलांवर उभं राहून. खिडकीतून अधूनमधून डोकावणं हे लक्ष ठेवणं नव्हे.

ज्यांना एवढा वेळ नाही, किंवा ज्यांचा कुत्रा कारवान, टेरियर किंवा हस्की आहे, त्यांनी इथवर येऊच नये. जाळीबाहेर शांत राहायला शिकलेला कुत्रा आणि वेळा वाटून घेतलेलं अंगण, हा पूर्णपणे चांगला शेवट आहे. सकाळी सात ते दहा कोंबड्या मोकळ्या, कुत्रा घरात. नंतर कोंबड्या पिंजऱ्यात, अंगण कुत्र्याचं. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात चढल्या की दार लावून मगच कुत्र्याला बाहेर सोडायचं. गेटजवळ एक पाटी लावा, एका बाजूला "कोंबड्या बाहेर", दुसऱ्या बाजूला "कुत्रा बाहेर". जो दार उघडेल त्याने ती फिरवायची.

काय करू नये

मारणं, नाक दाबणं, मेलेली कोंबडी गळ्यात बांधणं हे जुने उपाय अजून सांगितले जातात. यातल्या कशानेही कुत्रा काही शिकत नाही. गळ्यात कुजणारी कोंबडी त्याला शिक्षा वाटतच नाही, शिवाय रोगराई घरात येते. विजेचा झटका देणारा पट्टा त्याहून वाईट. झटका बसला तेव्हा समोर कोंबडी होती, म्हणजे दुखणं कोंबडीमुळे आलं, असं त्याचं गणित होतं. काही कुत्रे घाबरतात, काही पुढच्या वेळी आधीच हल्ला करतात, आणि पट्टा गळ्यात नसला की सगळं पहिल्यासारखं.

मुलांनी कोंबड्यांमागे पळू नये. मुलं पळाली की कुत्र्याला तो खेळ वाटतो आणि तोही सामील होतो.

खाद्य, अंडी आणि विष

कुत्रे लेयर मॅश, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं भरडलेलं खाद्य, आवडीने खातात. नुसत्या मॅशने सहसा पोट बिघडण्यापलीकडे काही होत नाही, पण पिल्लांच्या खाद्यात रक्ती हगवणीवरचं मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिनसारखं औषध असू शकतं, आणि ते कुत्र्याला विषारी आहे. मागचे पाय लुळे पडणं, अशक्तपणा दिसला तर खाद्याच्या पोत्यावरचं लेबल घेऊनच डॉक्टरकडे जा. पोतं झाकणाच्या पिंपात, फीडर पिंजऱ्याच्या आत, कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर टांगलेला.

उंदरांसाठी ब्रोमाडिओलोनच्या वड्या खुराड्याजवळ टाकू नका. वडी खाऊनही कुत्रा मरतो, आणि वडी खाल्लेले उंदीर खाऊनही त्याला विषबाधा होऊ शकते. पिंजरा लावा.

अंडी सकाळी दहा-अकराच्या आत उचला. घरट्याचा खोका जमिनीपासून दीड फूट वर ठेवा. एकदा गरम अंडं सापडलं की कुत्रा रोज तिथेच घुटमळतो, आणि अंड्यांसाठी आत शिरलेल्या कुत्र्यापुढे कोंबडी येते. कोंबडीची विष्ठा खाण्याने साल्मोनेलाचा धोका असतो. पिंजऱ्याबाहेरची विष्ठा रोज झाडून घ्या, जंताचं औषध वेळेवर द्या.

कोंबड्या एकाएकी, एकापाठोपाठ मरू लागल्या तर कुत्र्याला लगेच बांधा आणि मेलेल्या पक्ष्याला त्याचं तोंड लागू देऊ नका. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला २००६ साली बर्ड फ्लू आला तेव्हापासून अशी मरतूक पशुसंवर्धन विभागाला कळवणं आवश्यक मानलं जातं. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा. रोगनिदानाचं काम औंधच्या रोग अन्वेषण विभागात होतं.

पकडलीच तर

कोंबडी तोंडात असेल तर ओढू नका, किंचाळू नका. ओढल्याने कातडी फाटते आणि कुत्रा झटके देतो. हार्नेस धरून त्याला जागीच स्थिर करा आणि नाकाशी मूठभर खाऊ उधळा. सुटली की कोंबडी टॉवेलात गुंडाळा, कुत्रा घरात.

कोंबडीचं अंग वरून धड दिसतं, त्याने फसू नका. पंखांखाली, पाठीवर, मांडीच्या आत पिसं बोटांनी विलगून बघा. दाताचं भोक बारीक असतं, आत खोल गेलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी तिथेच पू धरतो. सलाइनने किंवा उकळून गार केलेल्या पाण्याने धुवा, पोव्हिडोन आयोडिन फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावा. पुठ्ठ्याच्या हवेशीर खोक्यात, अंधारात, शांत जागी, पाण्याजवळ ठेवा. बाकीच्या कोंबड्यांत लगेच सोडू नका, त्या रक्तावर टोचतात. पावसाळ्यात माशा बसून अळ्या पडतात, म्हणून जखम दिवसातून दोनदा तपासा. खोल चावा असेल तर अँटिबायोटिक डॉक्टरकडूनच घ्या आणि अंडी किती दिवस खायची नाहीत तेही विचारा. जखम नसतानाही धक्क्याने कोंबडी काही तासांत मरू शकते, तेव्हा त्या दिवशी तिला फार हाताळू नका.

"रक्ताची चटक लागली, आता हा कुत्रा गेला" असं लगेच म्हणतात. चटक लागते ती पाठलागाची, आणि एकदा जमलेला पाठलाग पुन्हा होण्याची शक्यता खरोखर वाढते. म्हणून त्या कुत्र्याला पुन्हा जाळीबाहेरच्या पहिल्या अंतरावर न्या आणि मोकळ्या अंगणाचा विचार वर्षभर बाजूला ठेवा. मार देऊन काही साधत नाही. कोंबडी मेल्यानंतर बसलेल्या फटक्याचा त्याला अर्थच लागत नाही.

नवीन कोंबड्या आल्या, खुडूक कोंबडीखाली पिल्लं निघाली किंवा कोंबडा आणला, की जुनं सगळं शिक्षण आहे असं धरून चालू नका. कुत्रा त्या ठरावीक कोंबड्यांना सरावलेला असतो, सगळ्या कोंबड्यांना नाही. पहिले पंधरा दिवस पुन्हा दोरी, पुन्हा २५ फूट, पुन्हा खिशात पनीर. पिल्लं आईसोबत निदान दोन महिने बंद पिंजऱ्यातच ठेवा आणि त्या पिंजऱ्याला पहिल्या दिवसापासून शेडनेट बांधा.